ताई, त्या अकराव्या नियमासाठी थँक्यू

ताई,

त्या दिवशी फोन ठेवताना मी नुसतं थँक्यू म्हटलं आणि नंतर सारखं वाटत राहिलं की एवढ्यावर हे भागणार नाही, म्हणून हे पत्र, आणि ते सगळ्यांसमोर लिहितेय कारण तुम्ही मला जे दाखवलंत ते माझ्यासारख्या कितीतरी लिहिणाऱ्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. तुमचं नाव घालत नाहीये, तुम्हाला ते आवडत नाही. वाचलंत की कळेलच.

मी फोन केला तेव्हा किती आनंदात होते आठवतंय ना? एका कथास्पर्धेकडून मेल आला होता, अभिनंदन, तुमच्या कथेची आमच्या संग्रहासाठी निवड झाली आहे, खाली सर्टिफिकेट, आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरात की निवड झालेल्या प्रत्येक लेखकाने संग्रहाच्या इतक्या इतक्या प्रती आधी पैसे भरून घ्यायच्या. एन्ट्री फी तर मी आधीच भरून बसले होते. मला त्यात काही खटकलंच नाही हो, इतकी वर्षं लिहून पहिल्यांदा कुणीतरी "निवड" हा शब्द वापरला होता. तुम्ही मात्र अभिनंदन म्हणाला नाहीत. "रूल्सचं पान आहे का समोर? वाच बरं, पहिल्यापासून," एवढंच.

मी वाचत गेले, शब्दमर्यादा, फॉन्ट, शेवटची तारीख, परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील वगैरे, आणि अकराव्या नियमाला तुम्ही थांबवलंत. परत वाच म्हणालात. वाचला. हळू वाच म्हणालात. मग हळू वाचला तेव्हा कळलं की त्यात लिहिलंय, स्पर्धेत भाग घेताच, म्हणजे जिंकल्यावर नाही, छापल्यावरही नाही, नुसती एन्ट्री पाठवली की कथेचे सगळे हक्क, सगळ्या भाषांत, सगळ्या माध्यमांत, कायमचे आयोजकांचे. तुम्ही विचारलंत, "ही बहिणीवरची कथा ना? उद्या तुझ्या स्वतःच्या पुस्तकात घ्यायची झाली तर कुणाची परवानगी मागशील?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोटात खड्डा पडला होता.

मग तुम्ही माझ्याकडून तिथल्या तिथे चार ओळींचा मेल लिहून घेतलात. कथेचं नाव, पाठवल्याची तारीख, मी ही एन्ट्री मागे घेत आहे, प्रकाशनाला किंवा हक्क देण्याला माझी संमती नाही, आणि हे मिळाल्याचं मला लेखी कळवा. "लेखी कळवा" ही ओळ मी गाळली होती, वाटलं उगाच कडक दिसेल. तुम्ही ती घालायला लावलीत. नवव्या दिवशी त्यांचं उत्तर आलं, एका ओळीचं, एन्ट्री रद्द. ते उत्तर मी अजून जपून ठेवलंय. फी परत आली नाही, ती मी सोडून दिली.

खरं सांगू, त्या संध्याकाळी मला राग आला होता, तुमचा नाही, माझाही नाही, पण आपण लिहिणारे इतके उपाशी असतो कौतुकाला की कुणीही पानभर गोड बोललं की आपण पदरमोड करायला तयार होतो, आणि हे ज्यांना बरोबर माहीत असतं अशी माणसं त्यावर दुकान थाटून बसलेली असतात, याचा राग. तुम्ही तो राग तसाच ठेवला नाहीत, कामाला लावलात. कागद घे म्हणालात आणि हिशेब करायला लावलात. समजा २० डॉलर फी आहे आणि ५०० जणांनी एन्ट्री पाठवली, जमले १०,००० डॉलर. बक्षीस १,०००. मग उरलेले ९,००० कुठे जातात? परीक्षकांचं मानधन, वाचणाऱ्यांचे पैसे, अंक छापायचा खर्च, असं उत्तर मिळत असेल तर फी घेणारी स्पर्धासुद्धा प्रामाणिक असू शकते, कित्येक छोटी वाङ्मयीन नियतकालिकं अशीच तग धरून आहेत, हेही तुम्हीच सांगितलंत. पण उत्तर मिळायला हवं. परीक्षकांचं नाव नाही, मागच्या वर्षीचे विजेते कुठे दिसत नाहीत, बक्षिसाची रक्कम "एन्ट्रीच्या संख्येनुसार ठरेल", असं दिसलं की पान बंद करायचं.

आणि ते वाक्य! जेम्स डी. मॅकडोनाल्ड नावाच्या विज्ञानकथा आणि फँटसी लिहिणाऱ्या लेखकाचा नियम, पैसा लेखकाच्या दिशेने वाहायला हवा. मी ते मोठ्या अक्षरात लिहून टेबलासमोर चिकटवलंय. ऐकायला इतकं साधं आहे, पण कुठलीही जाहिरात घ्या आणि विचारा की इथे पैसा कोणत्या दिशेने चाललाय, अर्ध्या जाहिराती तिथेच गळून पडतात.

रायटर बिवेअरचं नावही मी पहिल्यांदा तुमच्याकडूनच ऐकलं. ए. सी. क्रिस्पिन आणि व्हिक्टोरिया स्ट्रॉस या दोघी लेखिकांनी १९९८ मध्ये सुरू केलेलं काम, फसवणारे एजंट, प्रकाशक, स्पर्धा यांच्यावर नजर ठेवायची आणि लेखकांना सावध करायचं. स्वतःचं लिखाण सांभाळून दुसऱ्या लेखकांसाठी वर्षानुवर्षं कुणी असं काम करतं हे मला माहीतच नव्हतं. आता कुठल्याही नव्या स्पर्धेचं नाव दिसलं की आधी तिथे शोधते. तुम्ही हेही सांगितलं होतंत की २००४ च्या सुमारास अमेरिकेत कवितासंग्रहांच्या स्पर्धांवरून मोठा गदारोळ झाला होता, परीक्षकांचे विद्यार्थी आणि ओळखीचेच जिंकतात म्हणून, आणि त्यानंतर २००५ मध्ये तिथल्या वाङ्मयीन नियतकालिकांच्या आणि छोट्या प्रकाशकांच्या संघटनेने स्पर्धांसाठी आचारसंहिता काढली. तेव्हापासून नियमांत "परीक्षकांच्या विद्यार्थ्यांनी आणि नातेवाइकांनी भाग घेऊ नये" अशी ओळ दिसली की मला बरं वाटतं, त्या ओळीमागे कुणीतरी भांडलेलं आहे.

नुसतं "यांच्यापासून लांब राहा" सांगून तुम्ही थांबला असतात तरी मी आयुष्यभर आभारी राहिले असते. पण तुम्ही पुढे "मग पाठवायचं कुठे" तेही दाखवलंत. माझ्या मनात पक्कं बसलं होतं की फी नसलेल्या आणि वर पैसे देणाऱ्या चांगल्या जागा आपल्यासारख्यांसाठी नसतातच. तुम्ही पहिलं नाव सांगितलंत कॉमनवेल्थ शॉर्ट स्टोरी प्राइझचं. एन्ट्री फी शून्य, राष्ट्रकुलातल्या देशाचं नागरिकत्व आणि १८ पूर्ण एवढीच अट, २,००० ते ५,००० शब्दांची अप्रकाशित कथा, दुसऱ्या भाषेतून इंग्रजीत अनुवाद केलेली कथाही चालते, पाच विभागांच्या विजेत्यांना प्रत्येकी २,५०० पौंड आणि एकूण विजेत्याला ५,००० पौंड. अनुवाद चालतो हे वाचून मी खुर्चीतून उठलेच होते! दुसरं रायटर्स ऑफ द फ्यूचर, विज्ञानकथा आणि फँटसी लिहिणाऱ्या नवोदितांसाठी, दर तीन महिन्यांनी, फी नाही, दर तिमाहीला १,०००, ७५० आणि ५०० डॉलर आणि वर्षाचं मोठं बक्षीस ५,००० डॉलर. तो प्रकार मी लिहीत नाही, पण माझी एक मैत्रीण लिहिते, तिला लगेच कळवलं.

आणि स्पर्धा हाच एक रस्ता नाही हे तर मला मुळातच माहीत नव्हतं. तुम्ही म्हणालात की स्पर्धेत एक जिंकतो, मासिकात प्रत्येक अंकात पाच-दहा जणांना जागा असते, त्यामुळे पैसे देणारी मासिकं शोध. १९१२ मध्ये हॅरिएट मन्रो यांनी शिकागोत पोएट्री मासिक काढलं तेव्हा १०० जणांकडून वर्षाला ५० डॉलर असे पाच वर्षांचे शब्द घेतले, कारण कवींना पैसे द्यायचेच असं त्यांनी ठरवलं होतं, ही गोष्ट तुम्ही सांगितलीत तेव्हा मला भरून आलं. आपल्याला कायम सांगितलं जातं ना की कवितेला कुठे पैसे मिळतात, छापली हेच नशीब. आणि अमेरिकेतल्या विज्ञानकथा आणि फँटसी लेखकांच्या संघटनेने २०१९ पासून व्यावसायिक दर म्हणजे शब्दाला किमान ८ सेंट असं धरलंय, हे कळल्यावर माझ्याकडे मोजायला एक पट्टी आली. सगळे तेवढे देत नाहीत, पण कोण कमी देतंय आणि कोण काहीच देत नाहीये हे तरी दिसतं.

शोधायचं कसं ते तुम्ही स्क्रीन शेअर करून दाखवलंत. सबमिशन ग्राइंडर, कथा-कविता कुठे पाठवायच्या ते शोधून देणारी वेबसाइट, २०१३ पासून, फुकट, त्याच्या आधीपासूनची तशीच ड्युओट्रोप २०१३ पासून वर्गणीची झाली. प्रकार टाकायचा, शब्दसंख्या टाकायची, किमान मानधन टाकायचं, की यादी समोर, आणि शिवाय कोण सरासरी किती दिवसांत उत्तर देतं तेही, कारण तिथे लेखकच आपापले अनुभव भरतात. नंतर त्या यादीतल्या प्रत्येक मासिकाच्या स्वतःच्या पानावर जाऊन गाइडलाइन्स वाचायच्याच, यादीतली माहिती जुनी असू शकते, हे तुम्ही तीनदा सांगितलंत. बरोबरच होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्लार्क्सवर्ल्ड या विज्ञानकथांच्या मासिकाने एआयने लिहिलेल्या कथांचा पूर आला म्हणून काही काळ सबमिशनच बंद केलं होतं.

मग तुमची शीट. तुम्ही तुमचीच मला पाठवलीत, सगळी, वीस वर्षांची, तुमच्या साभार परत आलेल्या प्रत्येक कथेसकट. हे कुणी करत नाही हो. कथेचं नाव, कुठे, कधी पाठवली, एकाच वेळी दुसरीकडे पाठवलेली चालते का, हक्क कोणते मागतात आणि किती महिन्यांसाठी, पैसे स्वीकारल्यावर की छापल्यावर, उत्तर. शेवटचा रकाना "पुढे कुठे". परत आली की त्याच दिवशी पुढच्या ठिकाणी. एका कथेसमोर मी ओळी मोजल्या, सतरा वेळा साभार परत, अठराव्या ओळीत हिरवा रंग. एरवी मी दुसऱ्या नकारालाच फाइल मिटवून टाकते. ती शीट बघून मी माझ्या जुन्या सहा कथा बाहेर काढल्या.

अजून एक छोटीशी गोष्ट, जी मला कुणीही सांगितली नसती. नाव न दाखवता पाठवायची स्पर्धा होती, मी पहिल्या पानावरून नाव काढलं, खूश होते. तुम्ही म्हणालात फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये बघ. बघितलं तर तिथे लेखक म्हणून माझं अख्खं नाव बसलेलं! कदाचित तेवढ्यावरून एन्ट्री बाद झाली असती आणि मला कधी कळलंही नसतं का ते. आता पाठवायच्या आधी तिथे बघितल्याशिवाय बटण दाबत नाही. आणि सोशल मीडियावर पूर्ण कथा टाकायची सवय सोडली, कारण बऱ्याच ठिकाणी ती पूर्वप्रकाशित धरतात आणि दार बंद होतं. याआधी तीन चांगल्या कथा मी अशा घालवल्यात, त्याचं वाईट वाटतं, पण पूर्वप्रकाशित चालणाऱ्या जागाही तुम्हीच दाखवल्यात तेव्हा त्यांनाही कुठेतरी घर मिळेल.

आता मूळ सांगायचं ते. बहिणीवरची कथा, तीच, अकराव्या नियमातून सुटलेली. तुम्ही म्हणालात म्हणून शेवट पुन्हा लिहिला, दवाखान्याच्या बाकावरचा प्रसंग आधी आणला. चार ठिकाणांहून परत आली, चौथ्या संपादकांनी दोन ओळी हाताने लिहाव्यात तशा लिहिल्या होत्या, मधला भाग ढिला आहे पण पुढचं काही असेल तर नक्की पाठवा. मी ते तुम्हाला रडवेल्या आवाजात वाचून दाखवलं तर तुम्ही ओरडलात, अगं हे चांगलं उत्तर आहे! मधला भाग कापला, ६०० शब्द गेले. पाचव्या ठिकाणी घेतली. करार आला तो आपण दोघींनी मिळून वाचला, फक्त प्रथम प्रकाशनाचे हक्क, सहा महिने दुसरीकडे द्यायची नाही, त्यानंतर कथा पूर्ण माझी, मानधन स्वीकारल्यावर तीस दिवसांत. बाविसाव्या दिवशी पैसे जमा झाले. रक्कम मोठी नाही, पण लिहिण्याचे म्हणून माझ्या खात्यात आलेले ते पहिले पैसे, मी त्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढला आणि सगळ्यात आधी बहिणीला पाठवला. तिने विचारलं कुणाचे पैसे, मी म्हटलं आपल्या गोष्टीचे.

सहा महिने गेल्या आठवड्यात संपले. काल तीच कथा एका संग्रहासाठी पाठवली, पूर्वप्रकाशित चालतं तिथे, मानधनही देतात, नियम मी मोठ्याने आणि हळू वाचले, सगळे चौदा. हक्कांच्या नियमात "एकदाच आणि फक्त या संग्रहापुरते" असं स्पष्ट लिहिलंय. तरी एकदा तुमच्या नजरेखालून जावा असं वाटतंय, रात्री फोन करते.

तुमची,
शीटमध्ये सध्या एकतिसाव्या ओळीवर असलेली