सूचना : रविवारी गच्चीवर ऑस्कर-७

सभासदहो, राम राम. रविवारी सकाळी साडेसातला चोपड्यात, नेहमीच्या गच्चीवर जमायचं. १९७४ साली सोडलेला ऑस्कर-७ हा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा, उपग्रह १९८१ मध्ये बॅटरी जाऊन मुका झाला आणि २००२ मध्ये आपसूक बोलू लागला! बॅटरी अजून मेलेलीच आहे. पॅनलवर ऊन असेल तोवरच चालतो, पृथ्वीच्या सावलीत शिरला की बंद. पोरांना सौरऊर्जा शिकवायला याहून चांगला मास्तर नाही.

आपण फक्त ऐकायचं, बोलायला परवाना लागतो. मोजमापाच्या टेपच्या पोलादी पट्टीचा अँटेना ज्यांच्याकडे आहे त्यांनी क्लॅम्प घट्ट आवळून आणा. मागच्या वेळी पट्टी सुटून सर्रकन माझ्या बोटावर आली. प्रत्येक शाळेतून चारच विद्यार्थी, कठडा बुटका आहे. नंतर भरीत-भाकरी, वांगी रावेरकरांकडून.