पॅलेस थिएटर केशवरावांनी बांधलं नव्हतं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गुरुवारी, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला निघाले, तर शेजारच्या गुजराती बाईंनी जिन्यातच विचारलं, "बेन, तमारा कोल्हापुरनुं थियेटर बळी गयुं?" गुजरातीत 'बळी गयुं' म्हणजे जळून गेलं. बडोद्यात येऊन मला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, भाषा अंगवळणी पडली आहे. तरी त्या सकाळी कानांनी ते मराठीतच ऐकलं.

आपलं दैनिक मी रोज फोनवर वाचते. त्यातल्या बातमीत 'केशवरावांनी १९१५ मध्ये उभारलेले नाट्यगृह' असं छापलं आहे. हे बरोबर नाही. ते बांधलं शाहू महाराजांनी, १९१३ ते १९१५ या काळात. नाव होतं पॅलेस थिएटर. केशवरावांचं नाव दिलं गेलं १९५७ साली, ते जाऊन छत्तीस वर्षं झाल्यावर. नाट्यगृह उभं राहिलं तेव्हा हा गायक-नट पंचविशीत होता आणि आपली 'ललितकलादर्श' नाटक मंडळी सांभाळत गावोगाव फिरत होता. थिएटर बांधायला पैसा कुठून असणार? १९२१ च्या जुलैत मुंबईला टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' हे नाटक झालं, त्यात केशवराव नायक धैर्यधर आणि बालगंधर्व नायिका भामिनी. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत केशवराव गेले. वय एकतीस. आग लागली ती त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, हे तर आपण छापलंच आहे.

'पॅलेस' म्हटल्यावर परगावच्या माणसाला वाटतं, राजवाड्यात असेल. तसंही नाही. खासबाग कुस्ती मैदानाला लागून ते उभं होतं. १९०२ साली महाराज युरोपात गेले, तिथं रोमचा आखाडा पाहिला आणि परत येऊन खासबाग बांधवलं. पुढं त्याच्या शेजारीच नाट्यगृह. इकडं नांदी, तिकडं शड्डू! आमचे वडील नाटकाला म्हणून निघायचे आणि कुस्त्या बघून यायचे. आईला ते दुसऱ्या दिवशी कळायचं.

बडोदेकरांपुढं हे बोललं की ते लगेच सयाजीराव महाराजांवर येतात. तेही खोटं बोलत नाहीत. १८८६ साली गवई मौलाबक्षांच्या हाती दिलेली गायनशाळा, १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद, गंधर्व नाटक मंडळीला दिलेला आश्रय, दरबारी गायक म्हणून फैयाज खाँ. या यादीपुढं मी काय बोलणार? पण इथं बडोद्यात जुम्मादादांची व्यायामशाळा एकीकडं आणि गायनशाळा दुसरीकडं. पैलवान आणि गवई शेजारी नांदवले ते कोल्हापूरनं. वाद फारच वाढला तर मी सांगते की शाहू महाराजांच्या राणीसाहेब लक्ष्मीबाई इथल्याच, खानविलकरांच्या. बडोद्याची लेक तिकडं गेली, मी उलटी आले. मग चहा होतो.

आगीनंतर नाट्यगृह पुन्हा उभारण्याच्या घोषणा झाल्या. छप्पर, रंगमंच, खुर्च्या गेल्या. दगडी भिंती उभ्या आहेत. ते बांधलं तेव्हा माइक नव्हता. नटाचा गळा शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हवा, या हिशेबानं ते केलेलं होतं. शाळेत असताना मी मागच्या खुर्चीत बसून नाट्यपदं ऐकली आहेत. तान तर पोचायचीच, पण गायकानं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू यायचा. हल्ली नूतनीकरण म्हटलं की आधी वातानुकूलन, मग खोटं छत, मग भिंतीवर मोठाले स्पीकर. लग्नाचा हॉल असाच होतो. माझी मागणी एवढीच की नकाशावर शेवटची सही होण्याआधी रिकाम्या सभागृहात एखाद्या गायकाला माइकशिवाय उभं करा आणि अभियंत्याला मागच्या रांगेत बसवा. पाटीवरही दोन्ही नावं असू द्यात, बांधणाऱ्याचं आणि ज्याच्या स्मरणार्थ नाव दिलं त्याचं. आपल्या वार्ताहराची चूक बांधणाऱ्याच्या नावाच्या अभावीच झाली असणार.

आतला लाकडी भाग जुन्या पद्धतीनं करायचा तर जुने फोटो लागतील. इथं दांडिया बाजार, रावपुऱ्यात कोल्हापूरकडच्या माहेरवाशिणींची बरीच घरं आहेत. त्यांच्या ट्रंकांत गॅदरिंगचे फोटो, नाटकांच्या जाहिराती पडून असतील. त्यांनी प्रती काढून कोल्हापूर महानगरपालिकेला पाठवाव्यात, नाट्यगृह तिच्याच मालकीचं आहे. हे पत्र छापलंत तर तेवढा निरोप पोचेल.

माझ्याकडं एक फोटो आहे. सातवीच्या गॅदरिंगचा, आम्ही अकरा मुली रंगमंचावर, मागं पडदा आणि कडेला थोडी विंग दिसते. त्याची प्रत आजच टपालात टाकली. नाट्यगृहाचं नाव बदलून तेव्हा बरीच वर्षं झाली होती, तरी फोटोच्या पाठीमागं आईच्या अक्षरात लिहिलं आहे, 'पॅलेस थेटर'.

आपली,
एक कोल्हापूरची माहेरवाशीण
दांडिया बाजार, बडोदे