यूव्ही दिव्याने पाण्यातली आम्ले तुटतात का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘यूव्ही दिवा जंतू तर मारतोच, पाण्यातली रसायनेही तोडून टाकतो,’ असे वॉटर प्युरिफायर विकताना मुंबईत सर्रास सांगितले जाते. शाळा-कॉलेजांच्या विज्ञान प्रदर्शनांतल्या तक्त्यांवरही हेच वाक्य उतरते. पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसऱ्यावर विसंबून लोक पाणी पितात, म्हणून हे पत्र.

व्हिनेगरमधले अ‍ॅसेटिक आम्ल घ्या. घरगुती यंत्रातला पाऱ्याचा दिवा मुख्यतः २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील (यूव्ही) प्रकाश देतो. त्याची ऊर्जा मोलमागे ४७१ किलोज्यूल भरते. या आम्लातला कार्बन-कार्बन बंध तोडायला साधारण ३८५ पुरतात. हिशेबाने रेणू तुटायला हवा, पण तो जवळजवळ तसाच राहतो, कारण अ‍ॅसेटिक आम्ल २५४चा प्रकाश शोषतच नाही म्हटले तरी चालेल. जो प्रकाश शोषला जातो तोच रासायनिक काम करतो, हा ग्रोटहुस आणि ड्रेपर यांचा एकोणिसाव्या शतकातला नियम. त्यातून घरच्या यंत्रात पाणी दिव्यासमोर असते जेमतेम काही सेकंद.

फॉर्मिक आणि अ‍ॅसेटिक आम्ल जोरात शोषतात ते २०० ते २२० नॅनोमीटरच्या पट्ट्यात. तिथे वायुरूपातल्या अ‍ॅसेटिक आम्लाचा मुख्यतः कार्बन आणि ओएच यांच्यामधला बंध तुटतो. कार्बन-कार्बन बंध त्याहून कमजोर असूनही! उरलेला अ‍ॅसिटिल तुकडा पुढे मिथाइल आणि कार्बन मोनॉक्साइड यांत फुटतो. सर्वांत कमजोर बंध आधी तुटतो हे पाठ केलेले उत्तर इथे चुकते. कोणता बंध तुटेल हे प्रकाश शोषून रेणू कोणत्या अवस्थेत जातो, त्यावर ठरते.

औषध कारखान्यांच्या शुद्ध पाण्याच्या प्लांटमध्ये सेंद्रिय अंश कमी करायला १८५ नॅनोमीटरचे दिवे लावतात. तिथे आम्लावर थेट मारा होत नाही. १८५चा प्रकाश पाणीच शोषते, तेही पहिल्या सेंटीमीटरभरातच. पाण्याचा रेणू फुटतो आणि त्यातून सुटलेले ओएच मूलक, म्हणजे अतिशय क्रियाशील तुकडे, सेंद्रिय रेणूंवर तुटून पडतात. म्हणून दिव्याभोवती पाण्याचा थर पातळ हवा. फॉर्मेट (फॉर्मिक आम्लाचा आयन) झपाट्याने संपते, अ‍ॅसेटेटशी मात्र ओएचचा वेग सुमारे चाळीसपट कमी, आणि ऑक्झॅलिक आम्ल त्याहूनही चिवट. अल्कोहोलसारखी द्रव्ये तुटताना वाटेत हीच आम्ले तयार होतात, त्यामुळे दिव्यानंतर पाण्याची विद्युतवाहकता वाढलेली दिसते. ऑपरेटरला वाटते दिवा बिघडला. खरे तर तो काम करत असल्याची ती खूण आहे. ही आम्ले आणि कार्बन डायऑक्साइड पुढच्या मिक्स्ड बेड रेझिनने, म्हणजे आयन पकडणाऱ्या मण्यांच्या थराने, धरायचे असतात.

खरा घोटाळा दिवा बदलताना होतो. ‘ओझोनमुक्त’ दिव्याच्या क्वार्ट्झमध्ये टायटॅनियम असते आणि ते १८५ अडवते. हा आणि १८५चा, दोन्ही दिवे सारखेच निळसर पेटतात, फरक डोळ्यांना दिसत नाही. तो निळा उजेड म्हणजे यूव्ही नव्हे. हजारो तास जळून यूव्ही घटल्यावरही तो तसाच दिसतो. दिव्याभोवतीच्या क्वार्ट्झच्या नळीवर (स्लीव्हवर) क्षार किंवा लोखंडाचा पिवळट थर बसला तर दिवा नवा असूनही उपयोग नाही. तो थर सायट्रिक आम्लाने धुवावा.

कॉलेजांत आम्ल तुटताना दाखवायचे असेल तर व्हिनेगर नको, पोटॅशियम फेरिऑक्झॅलेट घ्या; यात ऑक्झॅलिक आम्लाचा आयन, ऑक्झॅलेट, लोखंडाला बांधलेला असतो. त्याचे हिरवे स्फटिक ०.३ ग्रॅम, ०.०५ मोलर सल्फ्युरिक आम्लात विरघळवून १०० मिली करा. लोखंडाला बांधलेले ऑक्झॅलेट प्रकाशात तुटून कार्बन डायऑक्साइड देते आणि फेरिक लोखंडाचे (Fe³⁺) फेरस (Fe²⁺) होते. प्रकाश दिलेल्या १ मिली द्रावणात ०.१ टक्के फेनँथ्रोलीन (फेरसशी रंग देणारे द्रव्य) २ मिली आणि सोडियम अ‍ॅसेटेटचे बफर घाला. नारिंगी-लाल रंग चढतो. तासाभराने ५१० नॅनोमीटरवर मोजा. २५४वर शोषलेल्या एका फोटॉनमागे सुमारे १.२५ फेरस आयन मिळतात. एकाहून जास्त, कारण तुटलेला ऑक्झॅलेटचा तुकडा आणखी एका फेरिकला फेरस करतो.

बहुतेकदा फसते ते ट्यूबलाइटमुळे. द्रावण तिच्या उजेडात केले तर तुलनेसाठी अंधारात ठेवायची, प्रकाश न दिलेली कोरी बाटलीही लाल होते. लाल दिव्यातच काम करा. काचेची परीक्षानळी ३६५ नॅनोमीटरला आणि उन्हाला चालते, २५४ला क्वार्ट्झच लागते. पावसाळ्यात खिडकीतल्या उन्हाचा भरवसा नाही, दिवाच वापरा. तो उघडा पेटवू नका. २५४ने डोळे आणि कातडी भाजते आणि जळजळ काही तासांनी सुरू होते, तोवर मुले घरी पोहोचलेली असतात.

आपला,
रसायनशास्त्राचा एक शिक्षक,
दादर, मुंबई