मंगळवारची तारीख घेतली आहे

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, तुम्हाला न विचारता मी तुमच्या स्टेंटसाठी पुढच्या मंगळवारची तारीख घेतली. विचारलं असतं तर "दिवाळीनंतर बघू" म्हणाला असतात, आणि आता थांबण्यात अर्थ नाही. हृदयावर ताण येऊन ते मोठं झालंय.

हे वयामुळे नाही. तुम्ही दम लागतो म्हणायचात तेव्हा "वय झालं, जिना कमी चढा" असं मीच सांगत राहिले. ते माझ्या मनातून जात नाही.

मणक्यातली गादी काढली ना, तिच्या अगदी पुढून पायांकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या जातात. तेव्हा कुठेतरी हत्याराचं टोक लागलं आणि धमनी शेजारच्या शिरेला जोडली गेली. धमनीतलं जोराचं रक्त मधूनच शिरेत घुसतं. म्हणून डावा पाय सुजतो, आणि हृदयाला जास्तीचं रक्त ढकलत राहावं लागतं. असं क्वचितच होतं, आणि कळायला कधीकधी वर्षं जातात. आई, ऑपरेशनचा हट्ट तू धरलास तो बाबांना उभंही राहता येत नव्हतं म्हणून. तो विषय आता काढायचा नाही.

पोट उघडायचं नाही. जांघेतून नळी घालून धमनीत स्टेंट, म्हणजे जाळीची छोटी नळी, बसवतील. शेजारच्या काकांचा नुसत्या जाळीचा आहे. तसा बसवला तर जाळीतून रक्त शिरेत जातच राहील. तुमच्या स्टेंटला पीटीएफई नावाच्या प्लास्टिकचं अस्तर असतं. माझ्या सायकलच्या ट्यूबला तुम्ही बाहेरून ठिगळ लावायचात, हे आतून. धोका मुळीच नाही असं खोटं सांगणार नाही. थोडी गळती राहू शकते, पुढे कधी स्टेंट तुंबू शकतो. पण पोट उघडलं तर त्या फुगलेल्या शिरांतून जो रक्तस्राव होईल, त्याची मला जास्त भीती वाटते.

खोली स्वतंत्र आहे, कमोड आहे, आईला झोपायला पलंग आहे. मऊ भात आणि मेतकूट मी घरून आणीन. एफडी मोडायची नाही.

डॉक्टरांनी पोटावर स्टेथोस्कोप ठेवून मलाही ऐकवलं. गिरणीसारखी सतत घरघर. रविवारी जेवल्यावर तुमच्या पोटावर कान ठेवून मी झोपायचे, तेव्हा हा आवाज नव्हता, बाबा. तो बंद झालेला मला ऐकायचाय.

आता नीट ऐका. मणक्याच्या ऑपरेशनची जुनी फाईल घ्या. रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून डाय टोचतात, तो किडनीतून बाहेर पडतो, म्हणून किडनीची क्रिएटिनिन तपासणी उद्याच करा. साखरेची गोळी कधी बंद करायची ते डॉक्टर सांगतील, स्वतः ठरवू नका. नंतर पाय काही तास सरळ ठेवायचा. आई, तू लक्ष ठेव. रक्त पातळ करायची गोळी एकही दिवस चुकवायची नाही, रक्त नीट वाहतंय का ते बघायच्या डॉप्लर सोनोग्राफीला मी घेऊन जाईन.

डाव्या चपलेचा पट्टा तुम्ही कापून सैल केलात, ते आईने सांगितलं. नवी जोडी आत्ता घेऊ नका. सूज उतरली की आपण दोघं जाऊन मापाची आणू.

तुमची,
छकुली