व्यसनमुक्तीसाठी अनुभवी माणूस रुग्णाच्या खाटेशेजारी हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राजर्षी शाहू महाराजांची जयंती आणि जागतिक अमली पदार्थविरोधी दिन दोन्ही २६ जूनलाच येत असल्याने कोल्हापुरात त्या दिवशी व्यसनमुक्तीच्या फेऱ्या, शपथा आणि भाषणे होतात. व्यसन सुटलेल्या एखाद्याला व्यासपीठावर बोलावायचे, मनोगत ऐकायचे आणि शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवायचे, अशी पद्धतच पडून गेली आहे. या माणसाची खरी गरज उपचाराच्या पहिल्या आठवड्यात, रुग्णाच्या खाटेशेजारी असते, एवढे मांडण्यासाठी हे पत्र.

माझ्या धाकट्या भावाबरोबर मी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणाऱ्या संघटनेच्या, खुल्या सभांना जात असे. तिथे चहा देणारे एक गृहस्थ नव्याने आलेल्याचा कप नेहमी अर्धाच भरत. दारू नुकतीच थांबलेल्याचे हात थरथरतात, चहा हिंदकळला की तो ओशाळतो आणि पुढच्या सभेला फिरकत नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. आम्ही घरच्यांनी भावाला आईची शपथ घातली, जोतिबाला नेऊन आणले. पण 'बाटली लपवायचास कुठे?' असे न रागावता विचारणारा माणूस त्याला तिथेच भेटला, आणि त्याच्यापुढे तो प्रथमच खरे बोलला.

या चळवळीचा उगमही अशाच एका भेटीत आहे. १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात धंद्यातील अपयशामुळे पुन्हा पिण्याची ओढ लागलेल्या बिल विल्सन यांनी बोलण्यासाठी दुसऱ्या मद्यपीचा शोध घेतला, तेव्हा त्यांची गाठ शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी पडली. विल्सन गेले होते ते स्वतःचा तोल सांभाळायला, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला उपदेशाचा वास नव्हता. आपल्याकडे पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही बरे झालेले रुग्ण समुपदेशक म्हणून काम करतात.

अर्थात, अनुभव म्हणजे वैद्यक नव्हे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, प्रसंगी जिवावर बेतते. तिथे डॉक्टरच हवेत. शिवाय 'मी सोडली, मग तुला का जमत नाही?' असा तोरा मिरवणारे अनुभवी लोकही मी पाहिले आहेत, आणि रुग्णाला ते नातेवाइकांपेक्षाही जड जातात. म्हणूनच अशा व्यक्तींची पारखून निवड करावी, त्यांना प्रशिक्षण आणि रीतसर मानधन द्यावे. ही कामे फुकटात करून घेण्याची सवय सोडावी.

बरा होऊन घरी आलेला माणूस आखाडातल्या रस्सा मंडळात, म्हणजे मित्रांच्या मटणाच्या जेवणावळीत, बसतो आणि जुने दोस्त 'आज एकच घे' म्हणून आग्रह धरतात, तेव्हा डॉक्टर जवळ नसतात आणि घरच्यांना सांगायची त्याला लाज वाटते. जिल्ह्यातील सरकारी रुग्णालयांनी डिस्चार्ज कार्डावर, औषधांच्या खालीच, त्या वेळी फोन उचलेल अशा एका अनुभवी माणसाचा नंबर त्याच्या संमतीने लिहून द्यावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर