आजी, तुझा अर्धा हिरडा माझ्याजवळ आहे

प्रिय आजी,

तुला ‘एमे’ म्हणायला तुझ्या नातीनं शिकवलं, पण माझ्या तोंडात आजीच बसलं. ती आता उलानबातरला शिकतेय, तीच तुला हे पत्र समजावून सांगेल.

मंगोलियातल्या अरखांगायमध्ये तुझ्या गेरच्या, त्या गोल तंबूच्या दाराशी पोचले तेव्हा मी पार खचले होते. जुन्नरच्या डोंगरातली आणि तुमच्या खांगायमधली औषधी झाडं, त्यांच्याभोवतीच्या रीतीभाती, दोन्हीकडचा बौद्ध धागा, असा अभ्यास घेऊन आले होते. ज्यांनी पत्र पाठवून बोलावलं त्यांनीच चार दिवस बाकावर बसवून ठेवलं आणि शेवटी विचारलं, “आमच्या झाडपाल्याशी तुमचा काय संबंध?” वाटाड्या आगाऊ पैसे घेऊन गेला तो गेलाच. तो राग अजून उतरलेला नाही.

तू मात्र काहीच विचारलं नाहीस. मीठ घातलेला दुधाचा चहा पुढे केलास. सकाळी धुपाचा आर्त्स, म्हणजे जुनिपर, आणायला डोंगरावर नेलंस. आधी त्सात्सलनं, नऊ खळग्यांच्या त्या लाकडी पळीनं, दूध शिंपडलंस आणि मग दोनच डहाळ्या तोडल्यास. वाटेत ‘गंगा’ नावाची सुगंधी वनस्पती दिसली. नाव ऐकून मी हरखले आणि नमुन्यासाठी एक रोप मुळासकट उपटलं. तू रागावली नाहीस. वाकून तो खड्डा बुजवलास आणि बाळाच्या टाळूवर तेल जिरवावं तसा मातीवरून हात फिरवलास.

पण हे पत्र त्या संध्याकाळसाठी आहे. देव्हाऱ्याखालच्या रंगीत पेटीतून तू निळ्या खदगमध्ये, मानाच्या रेशमी वस्त्रात गुंडाळलेली कातडी पिशवी काढलीस आणि माझ्या तळहातावर एक सुरकुतलेलं काळपट फळ ठेवलंस. “अरूर. एनेत्खेगचं.” म्हणजे भारताचं. मी नाकाशी नेलं आणि मला आमच्या घरातली सहाण दिसली, बाळगुटी उगाळणारी माझी आई दिसली. हिरडा होता तो! तुमच्या थंडीत हे झाड जगत नाही. तिबेटी वैद्यकीबरोबर तो तुमच्याकडे आला, ‘अरुरा’ हे नावही तिकडचंच. तुमच्या ओतोच मानलच्या, औषधी बुद्धाच्या हातात हेच फळ असतं.

तुझे आजोबा वैद्यकी करणारे लामा. १९३७ नंतर मठ पाडले, हजारो लामांना गोळ्या घातल्या, त्यांत तेही गेले. ही पिशवी तुझ्या आईनं पिठात लपवली म्हणून वाचली. त्या पिशवीत चारच फळं उरली होती, आजी. त्यातलं एक तू सुरीनं चिरलंस, अर्धं परत ठेवलंस, अर्धं मला दिलंस. आपल्याकडे म्हणतात, ज्याची आई घरी नाही त्याची आई हिरडा. घरापासून इतक्या लांब तू मला तेच दिलंस. ‘काय संबंध’ म्हणणाऱ्यांकडे शिक्के होते, खुर्च्या होत्या, सगळं होतं. माणूस ओळखायला तुला त्यातलं काहीच लागलं नाही.

आमच्याकडे हिरडा कोवळाच उतरवतात, बाळहिरड्याला भाव मिळतो म्हणून. यंदा माझ्या बाबांनी एक फांदी राखली, फळं झाडावरच पिकू दिली. वाळवलेली मूठभर तुझ्या नातीच्या हाती पाठवतेय. त्याच पिशवीत ठेव.

तुझी,
जुन्नरची नात