तारीख नको, आधी पाण्याला वाट काढा!

माननीय केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री यांस,

सविनय नमस्कार.

मुंबई-गोवा महामार्ग पूर्ण होण्याची आणखी एक तारीख उलटली आणि गणपतीला निघालेले चाकरमानी पुन्हा माणगावच्या कोंडीत अडकले. पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरचं चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं. तेव्हा पहिलीत असलेली पोरं आज मतदान करतात. उच्च न्यायालयातसुद्धा मुदती सांगून झाल्या. म्हणून आता तारीख मागत नाही, कामाची पद्धत बदला.

भर पावसात खड्ड्यात खडी आणि वर पेव्हर ब्लॉक टाकतात. खालचा चिखल तसाच. अवजड गाड्या गेल्या की ब्लॉक हलतो, कडेचा निसटतो आणि दुचाकीच्या चाकाखाली येतो. खड्डा चौकोनी कापून, पाणी उपसून, घट्ट थर लागेपर्यंत खोदून, थराथराने दाबून भरावा लागतो. काँक्रीटचंही तेच. दोन स्लॅबमधल्या सांध्यातलं सीलंट, म्हणजे फट बुजवणारा लेप, सुटलं की पाणी आत शिरतं, गाडी गेली की खालची बारीक माती वर फेकली जाते, पोकळी होते आणि कोपरा तुटतो. वरून मुलामा देऊन हे तुटणं कसं थांबेल?

चिपळूणजवळ याच महामार्गावरच्या परशुराम घाटात डोंगर उभा कापला. जांभ्याखालची मऊ माती पाणी पिऊन फुगते आणि दरड खाली येते. 2022 च्या पावसाळ्यात घाट बंद ठेवावा लागला. उताराला पायऱ्यांसारखे टप्पे हवेत, माथ्यावर पाणी वळवणारा चर हवा, संरक्षक भिंतीत पाणी झिरपायला भोकं हवीत.

16 ऑक्टोबर 2023 ला चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर बांधकाम सुरू असलेला उड्डाणपूल कोसळला. जीवितहानी झाली नाही, हे आमचं नशीब!

भूसंपादन, वनखातं, कंत्राटदार, ही कारणं पाठ झाली आहेत. डिसेंबर 2018 मध्ये भूमिपूजन झालेला 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला. त्यालाही जमीन लागली, त्यालाही डोंगर फोडावे लागले. मग निधी, यंत्रं आणि जरब कोकणच्या वाट्यालाच का येत नाही? याच महामार्गावर कशेडी घाटातला बोगदा झाला, म्हणजे मनात आणलं तर होतं!

पाऊस ओसरला की मेअखेरपर्यंत जेमतेम आठ महिने हातात असतात. पहिल्या महिन्यात गटारं आणि माथ्यावरचे चर करून घ्या, काँक्रीट त्यानंतर. आणि कुठल्या किलोमीटरचं काम कोणाकडे, कशासाठी अडलंय, त्याचा फलक त्याच जागी मराठीत लावा.

आपला,
कोकणातला एक नागरिक